दोरी तंबाखू पाइपमध्ये ओढण्याची रीत: चकती कापण्यापासून बरणी बंद करण्यापर्यंत

पाइप ओढणाऱ्यांमध्ये दोरी तंबाखूची, म्हणजे पानांना पीळ देऊन दोरासारख्या वळलेल्या तंबाखूची, एक दहशत असते. वर्षानुवर्षे पाइप ओढणारा, कडक मिश्रणे सहज पचवणारा माणूसही उत्तर इंग्लंडमधल्या केंडल गावची ‘ब्राउन नंबर ४’ पहिल्यांदा भरतो आणि अर्ध्यावरच पाइप बाजूला ठेवून कपाळावरचा घाम पुसत बसतो. मग सगळा दोष तंबाखूच्या माथी मारला जातो. ती कडक असते यात वाद नाही; परंतु माणूस आडवा होतो तो बहुतेक वेळा चकत्या जाड कापल्यामुळे, तंबाखू ओली भरल्यामुळे आणि झुरके घाईघाईने घेतल्यामुळे. काडी ओढण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात जे केले जाते त्यावर पुढचा सगळा वेळ अवलंबून असतो, आणि म्हणूनच या लेखाचा मोठा भाग सुरी, ताटली आणि तळहात यांच्यावर खर्च झाला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. हा लेख आधीपासून पाइप ओढणाऱ्या प्रौढ वाचकांसाठी आहे. ज्यांनी तंबाखूला कधी हात लावलेला नाही त्यांनी दोरीपासून तर नाहीच, पण कशापासूनच सुरुवात करू नये. पाइपचा धूर छातीत घेतला जात नाही, म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. ओठ, तोंड, घसा, स्वरयंत्र आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका पाइपनेही वाढतो, आणि धूर तोंडातल्या तोंडात खेळवला तरी निकोटिनचे व्यसन लागायचे ते लागतेच. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तर या तंबाखूच्या वाटेलाच जाऊ नये.

ही दोरी कशी बनते

डब्यात मिळणारी बहुतेक पाइप तंबाखू कातरलेली किंवा दाबून वडी पाडलेली असते. दोरीचे तसे नाही. मधली शीर काढलेली पाने लांब ओळीत मांडून, त्यांच्याभोवती एक रुंद, अखंड पान गुंडाळून, यंत्रावर सतत पीळ देत तिचा लांबच लांब दोर वळला जातो आणि तो रिळावर गुंडाळून ठेवतात. बाहेरचे पान आतल्या पानांचा ओलावा राखते, आणि दोर न कापता ठेवला तर तो दीर्घकाळ टिकतो. ज्या काळात हवाबंद डबे नव्हते त्या काळात खिशात टाकून न्यायला आणि लागेल तेवढी कापून घ्यायला याहून सोयीचा आकार नव्हता.

केंडल हे कंब्रियातले, लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवरचे गाव. तिथला हा धंदा १७९२ पासूनचा मानला जातो आणि त्याची सुरुवात नाकात ओढायच्या तपकिरीपासून झाली. सॅम्युएल गॅविथ आणि गॅविथ हॉगर्थ ही तिथली दोन मोठी नावे एकाच घराण्यातून फुटलेली. २०१५ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा एकत्र आल्या. त्याच कंब्रियाच्या किनाऱ्यावरचे व्हाइटहेवन हे अठराव्या शतकात व्हर्जिनियाहून येणाऱ्या तंबाखूचे मोठे बंदर होते, आणि त्याच गावाभोवती कोळशाच्या खाणी होत्या. खाणीत मिथेन वायू साचतो, त्यामुळे तिथे उघडी ज्योत म्हणजे स्फोटाला आमंत्रण. म्हणून खाणकामगार जमिनीखाली असताना दोरीचा तुकडा दाढेत धरीत आणि वर आल्यावर तीच दोरी पाइपमध्ये ओढीत. आजही या तंबाखूची ख्याती कष्टकऱ्यांची तंबाखू अशीच आहे. ब्रिटिश नौदलातले खलाशी आपल्या वाट्याची पाने रम शिंपडून किंतानात गुंडाळीत, दोरखंडाने करकचून आवळीत आणि काही आठवड्यांनी त्या घट्ट सोट्याच्या चकत्या पाडीत, तत्त्व तेच. ब्राझीलमध्येही दोरी तंबाखूची मोठी परंपरा आहे, पण तिथे ती प्रामुख्याने मक्याच्या सालीत गुंडाळून ओढली जाते, त्यामुळे तिची रीत वेगळी.

केंडलच्या दोरीचे दोन मुख्य प्रकार म्हणजे तपकिरी आणि काळी. वळून झाल्यावर फारसे संस्कार न होता विक्रीला येते ती तपकिरी. तीच दोरी तेल लावून, घट्ट आवळून, दाबाखाली बराच वेळ तापवली की ती काळी होते. नवखा माणूस रंग पाहून काळीला भितो. प्रत्यक्षात उष्णतेने काळीची धार थोडी बोथट होते. तिला चामड्याचा, धुराड्याचा, भाजलेल्या मांसाचा वास येतो, पण घशाला ती तपकिरीपेक्षा मऊ लागते. तपकिरी दोरी मिरमिरीत, मातकट आणि जास्त उग्र असते. ज्यांना पहिल्यांदाच दोरी घ्यायची आहे त्यांनी काळी घ्यावी, असा माझा सल्ला राहील, मग ती ‘ब्लॅक एक्सएक्स’ असो की ‘ब्लॅक आयरिश’. जाडीतही फरक असतो: पिगटेल साधारण करंगळीहून बारीक, बोगी मध्यम, आणि आयरिश ट्विस्ट अंगठ्याएवढी जाड. रम, बडीशेप किंवा नारळाचा वास दिलेल्या दोऱ्याही मिळतात. वास गोड असला म्हणून त्या सौम्य असतात असे मात्र नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना इथेच. निपाणी पट्ट्यातली तंबाखू ही विडीची, उन्हात वाळवलेली. आणि टपरीवर पुडीत मिळणारी ती खाण्याची. यांपैकी कोणतीही पाइपमध्ये भरून दोरीचा अनुभव येईल, या भ्रमात राहू नये.

कडकपणा कुठून येतो

हे समजून घेतले तर पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. भट्टीच्या कोरड्या उष्णतेत वाळवलेल्या व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर भरपूर उरते आणि त्याचा धूर आम्लधर्मी असतो. दोरीत प्रामुख्याने गडद पाने वापरतात: काही सावलीत वाऱ्यावर वाळवलेली, काही केंटकी पद्धतीने, म्हणजे कोठारात लाकडाची धुमी पेटवून धुरावलेली. या पानांत साखर फार थोडी राहते, निकोटिन जास्त असते आणि धूर अल्कधर्माकडे झुकतो. निकोटिनचा गुण असा, की आम्लधर्मी धुरात ते तोंडाच्या त्वचेतून सहजी शिरत नाही, आणि धूर अल्कधर्मी झाला की गालाच्या आणि जिभेखालच्या नाजूक आवरणातून थेट रक्तात उतरते. म्हणूनच पाइप ओढणाऱ्याला धूर छातीत ओढण्याची गरज नसते, आणि म्हणूनच दोरीचा धूर तोंडात जितका वेळ आणि जितका दाट धरावा तितकी ती चढते.

याच रचनेचा एक फायदाही आहे. जिभेला चटका बसतो तो मुख्यतः गरम वाफेने आणि घाईने ओढलेल्या गोड तंबाखूने. दोरीत साखर कमी असल्यामुळे ती जिभेला फारशी चावत नाही. पण त्यामुळेच फसगत होते. जीभ तक्रार करत नाही, माणूस बेफिकीरपणे ओढत राहतो आणि पंधरा मिनिटांनी पोट तक्रार करते.

पाइप कोणता घ्यावा

लहान. एवढे एकच उत्तर पुरेसे आहे, पण कारण सांगतो. दोरी दाट असते, सावकाश जळते, आणि सोळा-सतरा मिलिमीटर व्यासाच्या, उथळ बाउलमध्ये, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या खोलगट भागात, मावेल एवढी चिमूटभर तंबाखूही पाऊण तास पुरते. मोठ्या बाउलमध्ये ती भरली की तळापर्यंत पोचण्याआधीच माणूस थकतो आणि तळाशी ओला गाळ उरतो. जुने खाणकामगार मातीचे आखूड पाइप वापरीत ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. मातीचा बाउल लहान असतो आणि ती आधीच्या तंबाखूचा वास फारसा धरून ठेवत नाही. मातीचा पाइप ओढताना बाहेरून चांगलाच तापतो, तेव्हा तो बाउलला धरू नये.

ब्रायरच्या लाकडाचा पाइप असेल तर एक पाइप दोरीसाठी कायमचा वेगळा काढावा. काळ्या दोरीचा तेलकट, धुरकट वास लाकडात असा मुरतो, की नंतर त्याच पाइपमध्ये नाजूक व्हर्जिनिया ओढली तर तिची चव लागतच नाही. पहिल्या प्रयोगासाठी मक्याच्या कणसाचा पाइप सर्वांत बरा. तो स्वस्त असतो, पहिल्या दिवसापासून चांगला चालतो आणि दोरी आवडली नाही तर टाकून देताना जीव हळहळत नाही.

चकती: सगळे इथे ठरते

दोरी कापायला घेण्याआधी तिचे टोक पाहावे. ते सुकलेले, पांढुरके असेल तर तेवढा तुकडा काढून टाकावा. मग लाकडी पाटावर दोरी आडवी धरून, धारदार आणि पातळ पात्याच्या सुरीने काटकोनात चकत्या पाडाव्यात. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असावी, जमल्यास त्याहूनही कमी. पाते खाली दाबू नये. ते पुढे-मागे सरकवत उतरू द्यावे. दाबले की दोरी चपटी होते, बाहेरचे पान सुटते आणि चकतीऐवजी चुरगळलेला लगदा हाती येतो. काळी दोरी कापताना दोन-चार चकत्यांनंतर पात्यावर काळपट, चिकट तेलाचा थर बसतो. तो कोरड्या फडक्याने पुसला नाही तर पुढची चकती पात्याला चिकटून फाटते.

नीट पडलेली चकती उजेडात धरून पाहण्यासारखी असते. कडेला गडद, जवळजवळ काळे वेटोळे, आत वेगवेगळ्या तपकिरी छटांच्या घड्या एकमेकींत गुरफटलेल्या, आणि मधेच एखाद्या शिरेचा फिकट ठिपका. अशी चकती बोटांनी अलगद दाबली की वेटोळे सुटू लागते. ती सुटत नसेल आणि चिवट वाटत असेल तर जाड कापली गेली आहे, असे समजावे.

सिगार कापायची कात्री जाड दोरीला चालते, पण तिच्याने एक मिलिमीटरची चकती क्वचितच पडते. पिगटेलसारख्या बारीक दोरीसाठी मात्र आपल्या घरातला सुपारीचा अडकित्ता उत्तम. ज्याच्या हाताला सुपारी पातळ कातरायची सवय आहे त्याला काही शिकवावे लागणार नाही. त्यासाठी अडकित्ता वेगळा ठेवावा, कारण तंबाखूचे तेल लागलेल्या अडकित्त्याची सुपारी घरात कोणी खाणार नाही आणि खाऊही नये.

एका वेळेला लागेल तेवढेच कापावे. लहान बाउलला पाच-सहा पातळ चकत्या पुरतात. उरलेली दोरी अखंड राहील तितकी चांगली, कारण बाहेरचे पान हेच तिचे झाकण आहे.

कापून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. ओलसर तंबाखूतले निकोटिन त्वचेतूनही आत जाते आणि तोच हात डोळ्याला लागला तर चांगलीच आग होते. पाटावर पडलेली चकती लहान मूल किंवा पाळीव प्राणी सहज तोंडात घालील आणि ते खरोखर धोक्याचे आहे, म्हणून पाट तिथल्या तिथे पुसून टाकावा आणि दोरी कुलपात ठेवावी.

वाळवणे

दोरी विकली जाते ती ओलसर अवस्थेत, आणि ओली दोरी भरणे ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक आहे. ओली तंबाखू पेटत नाही. पेटत नाही म्हणून माणूस जोरजोराने ओढतो. जोराने ओढले की उष्णता आणि वाफ वाढते, धुराचे प्रमाण वाढते, आणि निकोटिन जे अर्ध्या तासात यायचे ते पाच मिनिटांत येते. म्हणजे कडकपणाची अर्धी तक्रार ही मुळात ओलाव्याची तक्रार असते.

चकत्या आधी तळहातावर घेऊन अंगठ्याने सैल कराव्यात, म्हणजे हवा आत जाईल. मग कागदावर किंवा पसरट ताटलीत एका थरात पसरून ठेवाव्यात. किती वेळ, हे हवेवर अवलंबून आहे. केंडलमधल्या एखाद्या ऊबदार खोलीत तासभर पुरत असेल. नागपूरच्या मे महिन्यात पंधरा मिनिटांनी गाठ घेतली नाही तर पानांचा कोरडा भुगा झालेला दिसेल. आणि मुंबईत किंवा रत्नागिरीत आषाढ-श्रावणात उघड्यावर ठेवलेली तंबाखू वाळण्याऐवजी आणखी सादळते. पावसाळ्यात टेबलाच्या दिव्याखाली, बल्बपासून वीतभर अंतरावर, ताटली ठेवावी किंवा वातानुकूलित खोलीत पसरावी. तव्यावर शेकू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच घालू नये. त्याने वास उडून जातो आणि चव करपट होते.

घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून सोडावी. ती गोळा होऊन तशीच राहिली तर ओली आहे. दाब काढताच हळूहळू उलगडली तर तयार आहे. आणि कुरकुर वाजून मोडली तर जास्त वाळली. इतर पाइप तंबाखूपेक्षा दोरी थोडी अधिकच कोरडी केलेली बरी, असे माझे मत आहे. काळ्या दोरीच्या बाबतीत बोटांची फसगत होऊ शकते, कारण तिच्यातले तेल वाळत नाही आणि पुरेशी कोरडी झाल्यावरही ती हाताला चिकट लागते. तिथे चिकटपणाकडे दुर्लक्ष करून ती उलगडते की नाही एवढेच पाहावे.

भरण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत मळून भरण्याची. वाळलेल्या चकत्या तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळाव्यात. तंतू सुटे होतील आणि थोडा चुरा पडेल. हाच हात आपल्याकडे चुना लावून तंबाखू मळताना चालतो, फक्त इथे जोर कमी लावायचा, कारण पीठ करायचे नाही. मळलेली तंबाखू बाउलमध्ये वरून सोडावी, बाउल बोटाने ठोकून ती बसू द्यावी, मग पुन्हा थोडी सोडावी आणि शेवटी वरचा थर अंगठ्याने हलकेच दाबावा. पेटवायला ही सर्वांत सोपी, पण सर्वांत जलद जळणारी आणि त्यामुळे सर्वांत कडक लागणारी पद्धत आहे.

दुसरी पद्धत चकत्या न मोडता एकावर एक रचण्याची. यात दोरीची जाडी आणि बाउलचा व्यास जुळावा लागतो. चकतीच्या कडेने हवा जायला किंचित जागा राहिली पाहिजे. वर चिमूटभर मळलेला चुरा पसरावा, म्हणजे आग धरायला सोपे जाते. ही पद्धत सावकाश जळते आणि दिसायलाही गंमतीची आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे डोळ्यांनी पाहायला मिळते: वरची चकती जळून राख झाली तरी टॅम्पर, म्हणजे बाउलमधली तंबाखू दाबायचे साधन, लागेपर्यंत त्या राखेत वेटोळे तसेच उमटलेले असते.

तिसरी पद्धत मला सर्वांत पसंत आहे. चकत्या थोड्या जाड, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या कापायच्या आणि मग उभ्या-आडव्या कापून त्यांचे लहान चौकोनी तुकडे करायचे. हे तुकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ वाळवावे लागतात, पण भरताना कसलेच कौशल्य लागत नाही. ते बाउलमध्ये ओतायचे, ठोकायचे आणि वर चुरा टाकायचा. दाबायचे नाही. तुकड्यांमधून हवा मोकळी खेळते, आग एकावरून दुसऱ्यावर सावकाश सरकते आणि निकोटिनही त्याच संथ गतीने येते. नवख्या माणसासाठी हीच रीत योग्य.

पद्धत कोणतीही असो, पहिल्या वेळेला बाउल अर्धाच भरावा आणि पेटवण्यापूर्वी एक कोरडा झुरका घेऊन पाहावा. हवा जवळजवळ विनासायास आली पाहिजे. अडखळत असेल तर सगळे उपसून पुन्हा भरावे. भरलेल्या पाइपमध्ये काडी खुपसून वाट करण्याचा प्रयत्न बहुधा फसतो.

पेटवणे

लाकडी काडी किंवा मऊ ज्योतीचा लायटर वापरावा. निळ्या, सुसाट ज्योतीचे लायटर बाउलची कड जाळतात. काडी ओढल्यावर डोक्यावरचा गंधक जळून जाऊ द्यावा, आणि पावसाळ्यात काडेपेटी सादळलेली नाही याची आधीच खात्री करून घ्यावी. ज्योत पृष्ठभागावर गोल फिरवत तीन-चार आखूड झुरके घ्यावेत. तंबाखू फुगून वर येईल आणि विझेल. तसेच व्हायला हवे. आता टॅम्परने तो काळवंडलेला थर फक्त सपाट करावा, आणि दुसरी काडी लावावी. दोरीला बहुधा तिसरी काडीही लागते. तिच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पेटवावे लागणे हा दोष मानू नये. पाइप विझू नये म्हणून जोराने ओढत राहण्यापेक्षा तो दहा वेळा विझलेला परवडला.

झुरक्याची गती

पाइप पेटला की हात आखडता घ्यावा. झुरका गाल आत ओढून घेऊ नये; गरम चहाचा घोट जपून घ्यावा तितक्या हलक्या हाताने, जिभेच्या जोरावर थोडासा धूर आत घ्यावा, क्षणभर ठेवावा आणि सोडावा. दोन झुरक्यांमध्ये अर्धा-पाऊण मिनिट जाऊ द्यावे. बाउलच्या तोंडातून धुराची बारीक, निळसर रेघ निघत असेल तर गती बरोबर आहे. पांढऱ्या धुराचे लोट निघू लागले किंवा बाउल गालाला लावून सहन होईना, तर पाइप खाली ठेवावा. धूर छातीत कधीही घेऊ नये. नाकावाटे थोडा धूर सोडला तर दोरीची खरी चव कळते हे खरे, पण तपकिरी दोरीचा पहिलाच झुरका नाकातून सोडणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

मध्येच बाउलच्या तळातून गुरगुर ऐकू आली तर दांडीतून पाइप क्लीनर घालून ओलावा टिपून घ्यावा. टॅम्पर फक्त स्वतःच्या वजनाने टेकवावा.

वेळेबद्दल एकच नियम आहे आणि तो मोडू नये: भरपेट जेवणानंतर. रिकाम्या पोटी, सकाळी उठल्या उठल्या, मद्याबरोबर किंवा चालता चालता दोरी ओढू नये. बसून ओढावी, शेजारी पाणी आणि काहीतरी गोड पेय ठेवावे. भारतात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे, आणि घरातही बंद खोलीत इतरांना धूर देण्याचा अधिकार कोणाला नाही. तेव्हा बसण्याची जागा मोकळी आणि एकांतातली असावी.

तंबाखू लागली तर

लक्षणे ओळखीची असतात. आधी उचकी लागते किंवा तोंडाला पाणी सुटते, मग कानशिलांवर गार घाम येतो, पोटात ढवळते आणि उभे राहिल्यास भोवळ येते. यांपैकी पहिले लक्षण दिसताच पाइप ठेवून द्यावा. ‘एवढे संपवतो’ असे म्हणू नये, कारण तोंडातून शोषले गेलेले निकोटिन चढायला काही मिनिटे लागतात आणि जे जाणवते आहे त्याहून अधिक वाटेत असते. मोकळ्या हवेत बसावे किंवा आडवे व्हावे, तोंड खळखळून धुवावे, पाणी प्यावे. साखर-पाणी किंवा गुळाचा खडा घ्यायची जुनी रीत आहे. त्याने निकोटिन उतरत नाही, पण अनेकांना बरे वाटते. रक्तातले निकोटिन निम्मे व्हायला साधारण दोन तास लागतात, मात्र मळमळ बहुधा त्याआधीच ओसरते. उलट्या थांबत नसतील, छातीत धडधड होत असेल किंवा श्वास लागत असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

त्या दिवशी पुन्हा पाइप पेटवू नये. पुढच्या वेळी तंबाखू निम्मी घ्यावी, अधिक वाळवावी, आणि तरीही तेच घडले तर ही तंबाखू आपल्यासाठी नाही हे मान्य करावे. दोरी पचवण्यात कसलीही मर्दुमकी नाही. वारंवार ओढून ती ‘सोसू लागली’, तर याचा अर्थ शरीराला अधिक निकोटिनची सवय झाली एवढाच होतो.

ओढून झाल्यावर

तळाशी थोडी तंबाखू उरली तरी ती उकरून संपवण्याचा हट्ट धरू नये; सगळा ओलावा आणि सगळी कडवट राळ तिथेच साठलेली असते. पाइप पूर्ण थंड झाल्यावरच दांडी काढावी, गरम असताना ओढून काढली तर सांधा तडकतो. राख झाडावी, दांडीतून दोन क्लीनर फिरवावेत आणि पाइप दोन दिवस तरी विश्रांतीला ठेवावा. बाउलच्या आत जमणारा काजळीचा थर एक-दीड मिलिमीटरपर्यंत राहू द्यावा, त्यापुढे खरवडावा. काळ्या दोरीचे तेल या थरात लवकर मुरते आणि तो मऊ राहतो, त्यामुळे दोरीचा पाइप इतरांपेक्षा लवकर साफ करावा लागतो. कणसाच्या पाइपमध्ये हा थर फारसा वाढूच देऊ नये.

साठवण

न कापलेली दोरी रबरी कड असलेल्या काचेच्या हवाबंद बरणीत ठेवावी. लोणच्याची चिनी मातीची बरणी कितीही देखणी असली तरी तिचे झाकण हवा अडवत नाही. बरणी उन्हापासून दूर, थंड आणि अंधाऱ्या कपाटात असावी. फ्रिजमध्ये ठेवू नये. फार ओली दोरी आणताक्षणी बंद केली तर पावसाळ्यात तिला बुरशी धरण्याची शक्यता असते, म्हणून ती आधी काही तास उघड्यावर ठेवून वरची ओल जाऊ द्यावी आणि मगच बंद करावी. जुन्या तंबाखूवर कधी कधी पांढरे, चमकणारे कण दिसतात ते स्फटिक असतात आणि त्यांची भीती नाही. पण पांढरेपणा लोकरीसारखा, जाळीदार असेल आणि झाकण उघडताच कुबट वास आला तर ती बुरशी आहे. तेवढाच भाग कापून बाकीची वाचवण्याचा मोह न धरता सगळी दोरी फेकून द्यावी आणि बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळल्याशिवाय पुन्हा वापरू नये.